हिरवा रंग चष्म्यात होता

(वस्तीतल्या वाचनालयात युवकांसमोर केलेलं भाषण)



मी आज पिक्चरवर बोलणार आहे. 'विकेड' नावाच्या. विषय सांगितला तेव्हा दोघातिघांनी तोंडं वाकडी केली. चळवळीच्या बैठकीत चेटकिणी आणि उडती माकडं कशाला, हे पांढरपेशांच्या पोरांचे चोचले, आपले प्रश्न काय कमी पडले? प्रश्न कमी नाहीत. पण मी या पिक्चरचा फॅन आहे, उघड सांगतो. पहिला भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये. दोन्ही तिकीट काढून बघितले, पहिला तर तीनदा. आणि ज्याचा जीव गुंतलाय तोच भांडतो. बाकीचे शिट्टी मारून घरी जातात. मी भांडायला उभा आहे.

आधी शब्द बघा. चेटकीण. आपण हसतो. पण आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या डोंगरात, आदिवासी बाईला डाकीण ठरवून मारतात, गावातून हाकलतात. ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा चेटकीण काय आभाळातून पडत नाही. चेटकीण ठरवली जाते. कोण ठरवतं, कशासाठी ठरवतं, ठरवल्यावर कुणाचं फावतं, हा खरा सवाल आहे.

राक्षसाचंही तसंच. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, त्यात त्यांनी हेच काम केलं. अवतारांच्या गोष्टी उलट्या करून झटकल्या आणि विचारलं, हा बळी दुष्ट कसा? पुराण त्यांनी न वाचता फेकलं नाही. पुराण मेलेल्याच्या बाजूने वाचलं. ग्रेगरी मॅग्वायर नावाच्या अमेरिकन लेखकाने १९९५ साली 'विकेड' ही कादंबरी लिहिली, ती याच जातीची. जिला जवळपास शंभर वर्षं जग दुष्ट म्हणत आलं, तिची बाजू त्याने मांडली. २००३ मध्ये कादंबरीवरून ब्रॉडवेवर संगीत नाटक झालं, आणि त्या नाटकावरून दिग्दर्शक जॉन चू यांनी हे दोन पिक्चर काढले. म्हणजे जे तिकडे १९९५ ला सुचलं ते आपल्या पुण्याच्या माळ्याने सव्वाशे वर्षं आधी केलं होतं. हे पहिल्यांदा डोक्यात ठेवा, म्हणजे परदेशी मालापुढे उगाच वाकायचं कारण नाही.

आता मूळ गोष्ट. ती १९०० सालची. एल. फ्रँक बॉम या लेखकाचं 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ'. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, पण हे पुस्तक पोरांसाठी लिहिलेलं, भाषा सोपी, पाळी संपल्यावर चार रात्रीत वाचून झालं. कॅन्ससमधल्या गरीब शेतकऱ्याच्या घरची डोरोथी नावाची पोर वावटळीत उडून ऑझ देशात पडते. तिला परत जायचंय. तो मार्ग पाचूनगरीचा जादूगारच दाखवेल असं सगळे सांगतात. जादूगार म्हणतो, आधी पश्चिमेच्या चेटकिणीला मार. पोर चिडून चेटकिणीच्या अंगावर पाण्याची बादली फेकते, चेटकीण विरघळून जाते. परत येऊन बघते तर जादूगार बोगस. ओमाहा गावाकडचा, सर्कशीच्या फुग्यात बसून आलेला माणूस. त्याला जादूबिदू काही येत नाही.

या पुस्तकात एक गोष्ट आहे, तिच्यासाठीच मी आज उभा आहे. पाचूनगरीच्या दरवाजात रखवालदार बसलेला असतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर तो हिरव्या काचांचा चष्मा चढवतो आणि मागून कुलूप लावतो. किल्ली त्याच्याकडे. कारण काय सांगतो, तर शहराचं तेज एवढं आहे की चष्म्याशिवाय डोळे जातील. आतले लोकही रात्रंदिवस चष्मा लावून. पुढे जादूगार स्वतःच कबूल करतो की माझं शहर दुसऱ्या शहरांपेक्षा जास्त हिरवं नाही. लोकांनी इतकी वर्षं चष्मे लावलेत की त्यांना ते खरंच पाचूचं वाटतं. डोरोथीने त्या शहरात हिरवा झगा घातलेला असतो. शहराबाहेर पडून चष्मा काढल्यावर बघते तर झगा पांढरा.

मित्रांनो, धर्म म्हणजे काय, जात म्हणजे काय, हे सांगायला आपण किती ग्रंथ उलथेपालथे करतो. या माणसाने पोरांच्या पुस्तकात दोन पानांत सांगितलं. रंग वस्तूत नाही. रंग काचेत आहे. काचेला कुलूप आहे. आणि किल्ली सत्तेच्या खिशात आहे.

पण बॉमची आरती ओवाळायची नाही. हाच बॉम त्याआधी दक्षिण डाकोटातल्या अ‍ॅबर्डीन गावात एक साप्ताहिक चालवायचा. लाकोटांचा पुढारी सिटिंग बुल १५ डिसेंबर १८९० ला मारला गेला. पाच दिवसांनी बॉमने अग्रलेख लिहिला की उरलेल्या इंडियनांचा समूळ नाश करावा. २९ डिसेंबरला वूंडेड नी इथे अमेरिकन फौजेने लाकोटा बाया, पोरं, म्हातारे कापून काढले. त्यानंतर ३ जानेवारी १८९१ ला त्याने तेच पुन्हा लिहिलं. २००६ साली त्याच्या वंशजांनी लाकोटांची माफी मागितली. म्हणजे ज्याने हिरव्या चष्म्याची गोष्ट लिहिली, त्याच्या स्वतःच्या नाकावर गोऱ्यांचा चष्मा घट्ट बसलेला होता. लेखक पुरोगामी निघाला म्हणून त्याचं सगळं डोक्यावर घ्यायचं नाही, आणि तो घाण निघाला म्हणून हाती लागलेलं हत्यारही टाकून द्यायचं नाही.

पुढे १९३९ साली हॉलिवूडमध्ये एमजीएम कंपनीने 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा पिक्चर काढला. ज्युडी गारलंड डोरोथी. टेक्निकलरचा काळ, पडद्यावर रंग पेटले पाहिजेत. पुस्तकातले चांदीचे बूट माणकांचे लाल केले. शहर खरंच हिरवं दाखवलं. आणि चष्मे? चष्मे गायब. रखवालदार आहे, दरवाजा आहे, चष्मा नाही. पुस्तकात चेटकिणीला एकच डोळा आहे, पण ती हिरवी आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. पिक्चरने तिला हिरवी रंगवली.

नीट बघा काय झालं. जो हिरवा रंग चष्म्यात होता, तो चष्म्यातून काढला आणि एका बाईच्या कातडीवर फासला. आधी बघणाऱ्याचा डोळा खोटा होता. आता बघितली जाणारी बाईच खोटी, घाणेरडी, जन्मजात दुष्ट. हे कुणी बैठक घेऊन ठरवलं असं माझं म्हणणं नाही. रंगीत पिक्चर खपवायचा होता. पण सत्तेला प्रत्येक वेळी कारस्थान करावं लागत नाही, धंदा तिचं काम आपोआप करतो.

त्या रंगाची किंमतही कुणीतरी मोजली. चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन या नटीच्या तोंडाला जो हिरवा रंग लावायचे त्यात तांबं होतं. २३ डिसेंबर १९३८ ला धुराआगीत नाहीसं व्हायचा सीन घेताना आग लवकर पेटली. तिचा चेहरा आणि हात भाजले. जखमेवरून तो विषारी रंग खरवडून काढावा लागला. काही आठवडे ती घरी होती. परत आल्यावर ती म्हणाली, आता आगीचं काम करणार नाही. मग झाडूच्या धुराचा सीन तिच्या जागी दुसऱ्या बाईला दिला, तर ती बाईही जखमी झाली. टिनच्या माणसाचं काम आधी बडी एब्सनकडे होतं. त्याच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमची पूड मारायचे, ती छातीत जाऊन तो इस्पितळात पडला. कंपनीने दुसरा नट घेतला. पोत्यांखाली वाकलेल्या आपल्या लोकांना पूड छातीत जाणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. परीकथासुद्धा मजुरीवरच उभी असते.

मग १९७८. 'द विझ'. सगळे काळे कलावंत. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट गोरा, पण गोष्ट हार्लेमची. डायना रॉस डोरोथी, मायकेल जॅक्सन बुजगावणं. कावळे त्या बुजगावण्याला रोज पढवतात की तुला खाली उतरता येणारच नाही. पाचूनगरीतले झकपक लोक हिरव्या कपड्यांत नाचत असतात. वरून हुकूम येतो, आता लाल. सगळे लाल. मग सोनेरी. सगळे सोनेरी. चष्मा नाही, पण चष्म्याची अक्कल परत आली. आणि चेटकीण तिथे एका घामट कारखान्याची मालकीण आहे. ती मरते तेव्हा तिच्याकडे राबणारे कामगार अंगावरची कुरूप कातडी उतरवून ठेवतात, आत धडधाकट माणसं. पिक्चर गल्ल्यावर आपटला. माझ्या लेखी तो सीन कुठल्याही हिट पिक्चरपेक्षा मोठा. ज्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, त्या काळ्या लोकांनी गोऱ्याची परीकथा अशी वापरली. समुद्रावरून माल येतो तसे विचारही येतात. पेटीवरचं लेबल बघून माल कळत नाही. पेटी फोडून बघावी लागते.

आता 'विकेड'ची पेटी फोडू.

एल्फबा नावाची मुलगी जन्मतःच हिरवी. मॅग्वायरने हे नाव एल. एफ. बी. या बॉमच्याच आद्याक्षरांवरून केलं. तिला बाप हात लावत नाही. शीझच्या कॉलेजात पाऊल टाकते तर सगळे मागे सरतात. पडद्यावर ते मागे सरणं बघा, आपल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. सिंथिया एरिव्हो ही काळी ब्रिटिश नटी ते काम करते. रोज तासन्‌तास अंगाला हिरवा रंग लावून. ती रडून दाखवत नाही. ती वाट बघणाऱ्या माणसासारखी उभी राहते, की आता हे काय बोलणार ते मला पाठ आहे. माझ्या ओळखीचं उभं राहणं आहे ते.

आणि जनावरं. ऑझमध्ये बोलणारी, शिकलेली जनावरं आहेत. डिलमंड नावाचा बोकड कॉलेजात इतिहास शिकवतो. एक दिवस फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवतं की जनावरांनी दिसावं, बोलू नये. मग त्याला भर वर्गातून उचलून नेतात. नवा मास्तर सिंहाचा छावा पिंजऱ्यात घालून आणतो आणि सांगतो, पिंजऱ्यात वाढला म्हणजे हा बोलायला शिकणारच नाही. मित्रांनो, ज्यांच्या हातून हजारो वर्षं पाटी काढून घेतली, त्यांना हा सीन अंगावर येतो. कादंबरीत हे आणखी तिखट आहे. तिथे डिलमंड शास्त्रज्ञ आहे. माणूस आणि जनावर यांच्या शरीरात मुळात फरक नाही हे तो सिद्ध करायला निघतो, तर त्याचा गळा चिरतात. इंग्रजीत मॅग्वायर बोलणाऱ्या जनावरांसाठी मोठं अक्षर वापरतो आणि मुक्या जनावरांसाठी लहान. आपल्या देवनागरीत मोठं अक्षर नाही, लहान अक्षर नाही. तरी त्याच लिपीत लिहिणाऱ्यांनी माणसांची उतरंड रचली. लिपी बिचारी काय करणार?

जादूगार हे का करतो? पिक्चरमध्ये तो साफ सांगतो. लोकांना एकत्र ठेवायचं तर त्यांना एक बरासा शत्रू द्यावा लागतो. एवढंच. त्याला जनावरांचा रागसुद्धा नाही. एल्फबा हे ओळखते, सामील व्हायला नकार देते, आणि त्याच मिनिटाला ती चेटकीण होते. नकार आधी, चेटकीण नंतर. इथपर्यंत मी या पिक्चरला सलाम करतो.

आता भांडण.

पहिलं भांडण बाटलीचं. शेवटी कळतं की एल्फबा त्या जादूगाराचीच मुलगी. त्याने तिच्या आईला हिरवं पेय पाजलं होतं, त्यातून हा रंग. रंग सत्तेच्या बाटलीतून आला, हे मला पटतं. पण तिची ताकदही त्याच रक्तातून आली असं सुचवता, ते का? आपल्याकडे कर्णाचं हेच झालं. सूतपुत्र म्हणून सभेत हिणवला, पण शूर आहे म्हटल्यावर तो कुंतीचा निघावा लागला. खालचा माणूस खालचा राहूनच मोठा झाला, हे कथाकारांना झेपत नाही. कुठेतरी राजाचा थेंब सापडावा लागतो.

दुसरं भांडण ग्लिंडाशी. एरियाना ग्रांडेने काम फर्मास केलंय, वाद नाही. ही गोरी, श्रीमंत, सगळ्यांची लाडकी. नाव गलिंडा. डिलमंडला ते नाव नीट उच्चारता येत नाही, तो ग्लिंडा म्हणतो. त्याला उचलून नेल्यावर ही चारचौघांत जाहीर करते की त्याच्या सन्मानार्थ आजपासून मी ग्लिंडा. काय त्याग केला? एक अकार. आपल्याकडे आडनाव गाळून जात संपली असं समजणारे पुरोगामी आहेत, त्यांचीच ही मोठी बहीण. पिक्चरला हा विनोद कळलाय, म्हणून तर तो हसवतो. पण शेवटी राज्य कुणाच्या हातात देतो? तिच्याच.

हे तिसरं आणि खरं भांडण. शेवटाचं. दुसऱ्या भागात पिवळ्या विटांचा रस्ता जनावरांच्या पाठीवर चाबूक ओढून बांधला जातो. एल्फबा तो अडवते. पळून जाणाऱ्या जनावरांना ती गाऊन सांगते की जाऊ नका, हा देश तुमचा आहे, राहा आणि लढा. मी खुर्चीत पुढे सरकलो. आणि तीच एल्फबा शेवटी काय करते? पाण्याने विरघळल्याचं नाटक करते आणि लपून देश सोडते. ग्लिंडाला सांगते, माझं नाव साफ करू नकोस. ग्लिंडा जादूगाराला हाकलते, जनावरांना परत बोलावते, सगळं गोड. लढली कोण? एल्फबा. सुधारक म्हणून नाव कुणाचं? ग्लिंडाचं. आणि लोक काय करतात? चेटकीण मेली म्हणून नाचतात. पहिल्या भागाच्या सुरुवातीला तिचा भलामोठा पुतळा जाळतात, आपल्याकडे रावण जाळतात तसा. तो जाळ पुढे कुणी विझवत नाही. म्हणजे चष्मा कुणाच्याच डोळ्यांवरून निघाला नाही. फक्त रखवालदार बदलला.

कादंबरीत ती खरंच मरते. पाण्यानेच. कुणी म्हणेल, पिक्चरचा शेवट बरा, निदान पोर वाचली. मला कादंबरी जास्त प्रामाणिक वाटते. ती मारते, पण मारून वर असं म्हणत नाही की आता सगळं चांगलं झालं.

पाण्याचं बघा. तिकडे अफवा की पाणी हिला लागलं तर ही मरेल. इकडे अफवा की आपला हात लागला तर पाणी मरेल. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळ भरून पाणी प्यायले. पाणी मेलं नाही. सवर्णांनी तळं पंचगव्याने शुद्ध केलं, कोर्टात गेले, दहा वर्षं घासाघीस होऊन १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. बाबासाहेबांनी मेल्याचं नाटक केलं नाही. कुणा सज्जन सवर्णाला सांगितलं नाही की माझं नाव खराब राहू दे, तू तळं उघड. पुढे धर्म सोडला, तोही १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, लाखो लोकांसमोर, शपथा मोठ्याने म्हणून. सोडणं वेगळं, लपून जाणं वेगळं.

म्हणून या फॅनला हवा असलेला शेवट सांगतो. एल्फबा पाचूनगरीच्या चौकात येते. भर दुपारी. सगळं शहर जमलेलं. ती घागर उचलते आणि स्वतःच्या डोक्यावर ओतते. हिरवी ती हिरवीच, उभी ती उभीच. उरलेलं पाणी ओंजळीने पिते. मग लोकांना विचारते, आता सांगा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? एवढंच. उडायची गरज नाही, गाण्याची गरज नाही. कोट्यवधी डॉलर ओतून त्यांना हा एक घागरीचा सीन सुचला नाही, कारण त्यांच्याकडे महाड नाही. आपल्याकडे आहे.

तेव्हा कविता लिहिणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे. परीकथा त्यांना आंदण देऊ नका. आपल्या आज्या ज्या गोष्टी सांगायच्या त्यातल्या हडळी, लावसटी, राक्षस कोण होते ते शोधा. कुणी ठरवलं होतं ते विचारा. पिक्चर बघा, पुस्तकं वाचा, आवडलं तर आवडलं म्हणा, लाजू नका. आणि शेवट पटला नाही तर दुसरा लिहा, आपल्या भाषेत, आणि या अंकाकडे पाठवा. मराठीत चेटकिणीच्या बाजूने लिहिलेली गोष्ट मला वाचायची आहे. तिकिटाचे पैसे मी आधीच मोजलेत.

जय भीम.